उघडीप पडल्यावरचा डोंगर

जुलैतला एखादा आठवडा असा येतो, की अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. मग शुक्रवारी रात्री पाऊस थांबतो. शनिवारी सकाळी ढग वर उचलले जातात, रतनगडाच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा लोंबताना दिसतात आणि पुणे, नाशिक, मुंबईकडच्या गाड्या भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागतात. "पाऊस उघडलाय, आता हरकत नाही," हे त्या दिवशी सगळ्या गाड्यांमधून ऐकू येणारं वाक्य. त्याचा पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्धाला मात्र काहीच आधार नसतो.

पाऊस थांबणं ही आभाळातली गोष्ट झाली. डोंगरात त्यानंतरही बरंच काही चालू असतं. ओढा काही तासांत ओसरतो. मातीत मुरलेलं पाणी मात्र दिवस-दोन दिवस उतारातून खाली सरकत राहतं, आणि सैल झालेला दगड कधी सुटेल याला तर काळवेळच नसते. हिमालयात आणि आल्प्समध्ये ताज्या हिमवृष्टीनंतर उताराची पारख कशी करायची, याचं एक शास्त्रच तयार झालं आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण डोंगरावर ताजं ओझं आलं की त्याचा उतार किती भरवशाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. त्या शास्त्राची विचार करायची रीत आधी कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रांगेला लावून पाहू आणि मग बर्फाकडे वळू. पावसाळ्यात हरिश्चंद्रगड करणारी अनेक मुलं हल्ली डिसेंबरात केदारकंठ्याला जातात, तेव्हा दोन्ही डोंगर त्यांच्याच वाट्याचे आहेत.

कोणता आकडा वाचायचा

अकोले तालुका ज्यात येतो तो अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. नगर शहरात वर्षभरात साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. घाटमाथ्यावरच्या घाटघरला जुलैत जोर धरला, तर तेवढा पाऊस एका आठवड्यात होऊन जातो. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. त्यामुळे संपूर्ण जिल्ह्याला मिळून दिलेला पिवळा किंवा नारिंगी इशारा पाथर्डीला एक सांगतो आणि रतनवाडीला दुसरंच. डोंगरात जाणाऱ्याने जिल्ह्याचा रंग पाहावा, पण तिथेच थांबू नये.

हवामान विभागाची मोजपट्टी ठरलेली आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरले जातात. म्हणजे शनिवारी सकाळी जाहीर झालेल्या आकड्यात शुक्रवारचा अख्खा दिवस आणि रात्र येते. शनिवारी दुपारी काय होणार, ते त्यात नसतं.

अकोल्याच्या डोंगरांसाठी याहून नेमकी माहिती स्थानिक वर्तमानपत्रांत पावसाळाभर येत असते: घाटघर, रतनवाडी, पांजरे, वाकी, भंडारदरा इथला चोवीस तासांचा पाऊस आणि भंडारदरा धरणात नव्याने आलेलं पाणी, दशलक्ष घनफुटांत. शेतकरी ती बातमी धरण कधी भरणार म्हणून वाचतो. ट्रेकरने ती डोंगर किती भिजलाय म्हणून वाचावी. १९२६ साली पूर्ण झालेलं, अकरा टीएमसीचं हे धरण रतनगड-घाटघरच्या डोंगरांचं पाणी गोळा करतं. पावसाचा आकडा उतरला आणि तरी धरणातली आवक मोठीच राहिली, तर त्याचा अर्थ डोंगर अजून निथळतोय. एका दिवसाची बातमी पाहून हे कळत नाही, चार-पाच दिवसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

ठेवल्यावर तीन प्रश्न विचारायचे. किती पडला? किती वेळात पडला? आणि त्याआधी काय पडलेलं होतं? शंभर मिलिमीटर दिवसभरात रिमझिमत आला, तर डोंगर तो बऱ्यापैकी पचवतो. तोच तीन तासांत कोसळला, तर ओढे फुगतात. आणि आधीचे दहा दिवस पावसाचेच असतील, तर एरवी किरकोळ वाटणारा पाऊसही उताराला जड जातो. जूनच्या पहिल्या पावसाला कोरडी जमीन गटागटा पिते. जुलैच्या अखेरीला तिच्यात जागाच उरलेली नसते.

उताराच्या आत काय चालतं

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनला. प्रत्येक थरातला टणक भाग म्हणजे आपण पाहतो तो कडा, आणि दोन कड्यांच्या मधला मऊ, झिजलेला भाग म्हणजे पदर. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या, ठिसूळ दगडाचा पट्टा दिसतो. पदरावर वरून घरंगळलेले दगडगोटे, मुरूम आणि माती यांचा ढीग साचलेला असतो. त्यावर गवत, कारवी, कुठे झाडी आणि खालच्या अंगाला भातखाचरं. डोंगरातल्या वस्त्या आणि पायवाटा बहुतेक याच पदरांवरून जातात, कारण चालण्यासारखी जागा तीच.

पावसाचं पाणी या ढिगात मुरतं आणि खालच्या कातळाला टेकलं की पुढे मुरायला वाव नसतो. मग ते माती आणि कातळ यांच्या सांध्यावरून वाहू लागतं. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात म्हणून उतार टिकून असतो. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणीच वरच्या वजनाचा काही भाग उचलतं, कणांचा परस्परांवरचा दाब कमी होतो आणि दाबाबरोबर घर्षणही. भिजल्याने वजन वाढलेलं, धरून ठेवणारी ताकद घटलेली, अशी दुहेरी कोंडी होते. पाणी सांध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पातळ मातीत काही तास पुरतात, जाड ढिगात त्याहून कितीतरी जास्त. पाऊस थांबल्यावरही दरड येते ती यामुळे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळीये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. तोवर महिन्याभराचा पाऊस डोंगराच्या पोटात गेलेला असतो आणि त्यावर मोठी सर येते. आंबेगाव तालुका अकोल्यापासून फार दूर नाही. मध्ये फक्त जुन्नर आहे आणि डोंगराची जात एकच.

कोणता उतार सुटण्याजोगा, हे कोनावरून बरंचसं ठरतं. माती-दगडाच्या ढिगाच्या बाबतीत साधारण २५ अंशांच्या पुढचे उतार लक्ष ठेवण्यासारखे. फार उभ्या कड्यावर माती टिकतच नाही, तिथे भीती दगडांची. कोन डोळ्याने मापायला जाल तर फसाल, कारण समोरून पाहिलेला उतार नेहमी आहे त्यापेक्षा उभा वाटतो. ट्रेकिंगच्या दोन सारख्या लांबीच्या काठ्या असतील तर सोपा उपाय आहे. एक काठी उतारावर सरळ उभी धरावी. दुसरी तिच्या माथ्याला लावून वरच्या अंगाच्या उताराकडे आडवी, पाण्याच्या पातळीसारखी समतल न्यावी. आडव्या काठीचं टोक नेमकं जमिनीला टेकलं, तर उतार ४५ अंशांचा. जवळजवळ पाऊण काठीचं अंतर उरलं, तर ३० अंशांचा. मोबाइलमध्ये कोनमापक असतोच, पण भिजल्या हाताने तो चालवण्यापेक्षा काठी बरी.

वाटेवरच्या खुणा

हिमस्खलनाचा अंदाज घेणारे सांगतात, की सर्वांत पक्का पुरावा म्हणजे आसपास नुकतंच झालेलं स्खलन. सह्याद्रीतही हेच लागू पडतं. वाटेत ताजी दरड दिसली, तर तशाच कोनाचे, त्याच अंगाचे शेजारचे उतारही त्याच स्थितीत आहेत असं धरावं. ताजा दगड ओळखायला कठीण नाही. उन्हापावसात वर्षानुवर्षं पडलेला बेसॉल्ट तपकिरी असतो, त्यावर दगडफुलाचे पांढुरके-करडे डाग असतात. नुकताच फुटलेला दगड निळसर काळा, धारदार कडांचा, आणि त्याच्या खालचं गवत अजून हिरवं असतं. असे दोन-चार दगड वाटेवर दिसले तर वर कड्याकडे नजर टाकून तेवढा टप्पा न रेंगाळता, एकेकट्याने पार करावा. फोटो पुढे काढता येतात.

बाकीच्या खुणाही ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. उताराच्या वरच्या अंगाला अर्धवर्तुळाकार नवी भेग. सरळ वाढलेली झाडं किंवा कुंपणाचे खांब एकाच दिशेला कललेले. काल कोरड्या असलेल्या जागी जमिनीतून पाणी उपळू लागणं. एरवी निवळशंख असणारा झरा एकाएकी गढूळ होणं. आणि सगळ्यात वाईट, भरून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी पाऊस चालू असताना अचानक कमी होणं. पाणी कमी झालं म्हणून लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं तर वर कुठेतरी दरड किंवा झाड आडवं येऊन पाणी अडलेलं असू शकतं, आणि तो बांध फुटला की सगळं एकदम येतं. अशा वेळी ओढ्यात उतरायचं नाही, काठावर उंच जायचं.

ओढा, घळ आणि धुकं

दरडीची बातमी मोठी होते, पण भर पावसात डोंगरात गेलेल्या माणसाची गाठ दरडीआधी ओढ्याशी पडते. पाचनईहून हरिश्चंद्रगडाला जाणारी वाट सोपी म्हणून प्रसिद्ध आहे. तीही पाण्याच्या वाटा ओलांडत आणि कड्याच्या पोटाखालून जाते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्याला लागलं, तर ते फक्त थोडं वाढलं असं समजू नये. खोली आणि वेग दोन्ही वाढलेले असतात. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि शेवाळलेल्या कातळावर बूट कोणताही असो, सटकतोच. दोर बांधून एकमेकांना ओढून नेण्याचा अट्टहास फुगलेल्या ओढ्यात जिवावर बेतू शकतो. थांबावं. डोंगरातले लहान ओढे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतात, आणि त्या दिवशी थांबण्याइतकी सोपी दुसरी कोणतीच गोष्ट नसते.

काही वाटा मात्र वाट पाहूनही पावसाळ्यात वापरायच्या नाहीत. साम्रदची सांधण दरी ही दोन उभ्या भिंतींमधली अरुंद चीर आहे. आत शिरलेल्याला फक्त डोक्यावरची आभाळाची पट्टी दिसते. वरच्या पठारावर पाऊस पडला तरी आत कळत नाही. कळतं तेव्हा पाणी आलेलं असतं आणि बाजूला सरायला जागा नसते. बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाला चढणारी नळीची वाटही तशीच. नाळ म्हणजे डोंगराने स्वतःचं पाणी आणि दगड खाली नेण्यासाठी कोरलेली वाट. पावसाळ्यात ती तेच काम करत असते.

तिसरी गोष्ट धुकं आणि गारठा. समुद्रसपाटीपासून १४०० मीटरवर वारा, पाऊस आणि अंगावर ओले सुती कपडे, एवढ्या भांडवलावर ऐन पावसाळ्यातही माणूस थंडीने गारठून दगावू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालेला एक गट धुक्यात वाट चुकला, रात्र पावसात काढावी लागली आणि त्यातला एक जण गेला. बोलणं अडखळायला लागलं, माणूस थरथर कापायचा थांबला आणि गप्प झाला, तर तो दमलेला नाही, त्याचं शरीर थंड पडतंय. आडोसा, कोरडे कपडे, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय, आणि मग खाली उतरण्याचा निर्णय, याच क्रमाने.

वस्तीवर चौकशी करणं हा जुना आणि उत्तम उपाय, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. "मामा, वाट चालू आहे ना?" असं विचारलं, तर समोरचा माणूस पाहुण्याचं मन मोडत नाही. शिवाय शनिवार-रविवारच्या जेवणावळींवर त्याच्या घरचे चार पैसे अवलंबून असतात. त्यापेक्षा विचारावं, "काल संध्याकाळी ओढा कुठवर आला होता?" "या आठवड्यात गुरं कोणत्या अंगाला नेत नाही तुम्ही?" "वरून दगडांचा आवाज आला का रात्री?" असं विचारलं की खरी माहिती आपोआप बाहेर येते. बारी, पाचनई, रतनवाडी, साम्रद इथली माणसं त्या उताराला रोज पाहतात, आपण वर्षातून एकदा.

बर्फाचं गणित

आता हिमालय. तिथे विचार तोच, पण एक फरक फार मोठा आहे. सह्याद्रीतली दरड माणसाच्या वजनाने सुटत नाही. बर्फाचा उतार सुटतो. हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनीच किंवा त्यांच्या गटातल्या कुणीतरी पायाने सुरू केलेलं असतं.

हिवाळाभर बर्फ थराथराने साचतो. काही थर घट्ट, काही रवाळ, एकमेकांना न धरणाऱ्या कणांचे. अशा कमकुवत थरावर ताज्या बर्फाचा किंवा वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा सलग थर बसला की त्याला स्लॅब म्हणतात. खालचा थर तुटला की वरची स्लॅब एकसंध सुटते. हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतं. हिमवृष्टी थांबल्यानंतरचा पहिला दिवस-दोन दिवस सर्वांत नाजूक, कारण नवा बर्फ जुन्याला अजून धरून बसलेला नसतो. चोवीस तासांत फूटभर बर्फ पडला असेल तर धोका मोठा. वारा असेल तर त्याहून कमी बर्फातही, कारण वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर कितीतरी जाड रचतो. आणि त्यानंतर येते ती निळ्या आभाळाची, लख्ख उन्हाची सकाळ, सगळ्यांना उतारावर बोलावणारी. ऊन चढलं की बर्फ जड होतो आणि धोका आणखी वाढतो.

जाणकार फावड्याने बर्फात खड्डा खणतात, एक भिंत सपाट तासतात आणि वरून खाली प्रत्येक थरात हात खुपसून पाहतात. मूठ शिरते का? नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग चाकू. घट्ट थराच्या खाली मूठ सहज शिरणारा थर लागला की कान टवकारायचे. मग फूटभर रुंदीचा खांब मोकळा कापून त्यावर फावडं ठेवतात आणि वरून थापा मारतात: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. पहिल्या काही थापांतच वरचा भाग गुळगुळीत सांध्यावरून सटकला, तर तो उतार सोडून द्यायचा. उलट निकाल आला तरी हुरळून जाऊ नये. खड्डा त्या एका जागेपुरतं सांगतो, वीस पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. पायाखालून येणारा 'धप्प' असा खोल आवाज आणि पावलापासून पुढे धावत जाणारी भेग, या दोन खुणांना मात्र चाचणीचीही गरज नाही. तिथून मागे फिरायचं.

भारतात हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची चंदिगडची डीजीआरई ही संस्था देते. १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेली सासे ही हिमस्खलनावर काम करणारी संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेची छावणी हिमस्खलनाखाली आली. ५४ जण अडकले, ४६ वाचले, आठ दगावले. त्या भागासाठी आदल्या दिवशीच इशारा दिलेला होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी स्खलनात सापडली, तेव्हा तर माणसं प्रशिक्षण घेणारी आणि देणारी होती. अनुभव असला म्हणून बर्फ सूट देत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही. सोबत्यांकडे शोधयंत्र, लांब सळई आणि फावडं असलं तरच उपयोग.

निर्णय घरी घ्यावा

पावसाचा असो की बर्फाचा, डोंगर चढताना निर्णय घेण्याची वेळ आली की तो बहुतेकदा चुकतो. सुट्टी घेतलेली असते, गाडीचे पैसे भरलेले असतात, गटातला एक जण पुढे निघालेला असतो. म्हणून मर्यादा घरूनच ठरवून निघावं. गेल्या तीन दिवसांत घाटघर-रतनवाडीला दर दिवशी शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला असेल, तर घळ, नाळ आणि कड्याखालची आडवी वाट नको. उघडीप पडल्यावर किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. वाट निवडताना सोंड किंवा धार घ्यावी, कारण दगड, पाणी आणि बर्फ तिन्ही दोन्ही बाजूंना उतरून जातात. दुपारी किती वाजता असू तिथून परत फिरायचं, तेही आधीच बोलून ठेवावं. प्रशासनाने बंदी घातली असेल तर विषयच संपला. नसेल तर ती परवानगी आहे, हमी नव्हे.

आणि निघताना पायथ्याच्या घरी चार गोष्टी लिहून द्याव्यात: किती जण, कोणती वाट, कधी परतणार, घरचा फोन नंबर. वर रेंज मिळेलच असं नाही. बचाव पथकांतली माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळणारे स्वयंसेवक असतात, पुणे-नाशिकहून त्यांना पोचायला काही तास लागतात. संध्याकाळी सहाला परतणारे आठपर्यंत आले नाहीत, हे कुणाच्या तरी लक्षात आलं तरच त्यांचा शोध त्याच रात्री सुरू होतो.